ताऱ्यांच्या मधल्या प्लाझ्मातली खळबळ आणि पल्सारचं लुकलुकणं

उत्तररात्र (धागाकर्ता)

१९६७ साली जोसेलिन बेल यांनी केंब्रिजजवळ पहिला पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओठोके देणारा, गरगर फिरणारा चिमुकला मृत तारा) पकडला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ज्या दुर्बिणीवर तो सापडला ती मुळात कशासाठी उभारली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. अँटनी ह्युइश यांच्या गटाने चार एकरांहून जास्त जागेत खांब रोवले, तारा ताणल्या, रेडिओस्रोतांचं लुकलुकणं मोजण्यासाठी. सूर्याकडून सतत वाहणाऱ्या प्लाझ्मातून (इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूतून) येताना दूरच्या, बारीक रेडिओस्रोतांची तीव्रता सेकंदा-दोन सेकंदांत वरखाली होते, हे त्याच गटाने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. इतका झपाट्याने बदलणारा संकेत टिपायची सोय त्या यंत्रणेत होती, म्हणूनच १.३३७ सेकंदांच्या अंतराने येणारे ठोके तिच्या कागदावर उमटले.

पल्सार सापडला आणि लगेच दुसरं कोडं पुढे आलं. ठोक्यांची वेळ काटेकोर, पण ताकद मात्र काही मिनिटांतच बदलायची. एका वारंवारितेवर संकेत जोरकस असेल तेव्हा शेजारच्या वारंवारितेवर तो मंद असायचा. १९६८ मध्ये पीटर शॉयर यांनी सांगितलं की यातला बराचसा बदल पल्सारमध्ये होत नाही, तो वाटेत होतो. बार्नी रिकेट यांच्या निरीक्षणांनी ते लवकरच पक्कं केलं. इथे सूर्याच्या वाऱ्याचा संबंध नव्हता. लुकलुकवणारा प्लाझ्मा ताऱ्यांच्या मधला होता.

हा प्लाझ्मा अतिशय विरळ आहे. आपल्या भागातल्या आकाशगंगेत सरासरी धरली तर एक लिटर जागेत सुमारे ३० इलेक्ट्रॉन. तापमान बऱ्याच ठिकाणी ८,००० अंशांच्या आसपास. चुंबकीय क्षेत्र पाच-एक मायक्रोगॉस, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण एक लक्षांश. पण रेडिओलहर या प्लाझ्मातून शेकडो प्रकाशवर्षं प्रवास करते. वाटेत कुठे इलेक्ट्रॉन किंचित जास्त, कुठे किंचित कमी असतील, तर लहरीचा पृष्ठभाग सुरकुततो. हौदातलं पाणी हललं की तळाशी उन्हाच्या जाळ्या नाचतात ना, तसाच उजेड-अंधाराचा नमुना अवकाशात पसरतो, आणि आपली पृथ्वी त्यातून जात असते. जाळीची एक वीण दहा हजार ते लाखभर किलोमीटरची, वेग सेकंदाला शंभर-एक किलोमीटर. म्हणून मिनिटांचा हिशेब.

पल्सार जेमतेम वीस किलोमीटर रुंद असल्याने तो लुकलुकतो. स्रोत रुंद असेल तर त्याच्या वेगवेगळ्या भागांच्या जाळ्या एकमेकींवर पडून सगळं पुसलं जातं. ग्रह स्थिर दिसतात आणि तारे लुकलुकतात, त्याचंही कारण हेच.

आता मुख्य मुद्दा. १९४१ मध्ये आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी द्रवातल्या खळबळीचा नियम मांडला. मोठ्या भोवऱ्यांत ओतलेली ऊर्जा न हरवता लहान, त्याहून लहान भोवऱ्यांत उतरत जाते, आणि कोणत्या आकाराला किती वाटा मिळतो ते एका ठरावीक घातांकाने ठरतं. तीन मितींतल्या घनतेच्या चढउतारांसाठी तो घातांक ११/३. आर्मस्ट्राँग, कॉर्डीस आणि रिकेट यांनी १९८१ मध्ये, आणि मग आर्मस्ट्राँग, रिकेट व स्पँगलर यांनी १९९५ मध्ये, निरनिराळ्या पद्धतींची मोजमापं एकाच आलेखावर मांडली. हजार किलोमीटरपासून हजार कोटी किलोमीटरपर्यंत सगळे बिंदू जवळपास याच उताराच्या रेषेवर बसले. जास्त ढोबळ मोजमापं जोडली तर हीच रेषा सुमारे १०० प्रकाशवर्षांपर्यंत जाते. २०१० मध्ये चेपुर्नोव आणि लाझारियन यांनी आयनीभूत हायड्रोजनच्या उजेडाची आकाशभर केलेली मोजणी वापरून ती वरची बाजू आणखी भक्कम केली.

हा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ बघत राहिले होते. वरच्या टोकाला फुटलेल्या ताऱ्यांचे धक्के, खालच्या टोकाला मुंबई-नागपूरच्या दीडपट अंतर, आणि मध्ये एकच उतार. पण आता मला वाटतं की ही रेषा सरासरी म्हणून खरी असली तरी ती एक गोष्ट झाकते: लहरीला प्रत्यक्ष वळवणारा माल सगळीकडे सारखा पसरलेला नाही, मोजक्या पातळ जागी साचलेला आहे. याच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्ही पुरावे आहेत. जाणकारांनी लिहावं.

---

घाटवाट

सुंदर लेख. एक मूलभूत शंका. लिटरमध्ये तीस इलेक्ट्रॉन म्हणजे कण एकमेकांना आपटणार तरी कधी? पाण्यात भोवरा होतो कारण रेणू शेजारच्या रेणूला ढकलतो. इथे शेजारीच नाही. मग कोल्मोगोरोवचा द्रवाचा नियम इथे लागूच कसा होतो?

---

उत्तररात्र

घाटवाट, अगदी नेमका प्रश्न. अशा प्लाझ्मात एक कण दुसऱ्याला 'आपटण्याआधी' साधारण काही कोटी किलोमीटर जातो. पल्सारच्या लुकलुकण्यातून आपण लाखभर किलोमीटरची रचना मोजतो. म्हणजे ज्या मापावर टकरी होतच नाहीत त्या मापावर आपण खळबळ बघतोय.

शेजाऱ्याचं काम इथे चुंबकीय क्षेत्र करतं. पाच मायक्रोगॉस आपल्याला नगण्य वाटतं, पण त्या क्षेत्रात प्रोटॉन दोन-अडीचशे किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत राहतो, बलरेषा सोडून आडवा निसटू शकत नाही. आडव्या दिशेने सगळे कण बलरेषांना बांधलेले, म्हणून प्लाझ्मा एकसंध द्रवासारखा वागतो. लाटाही बलरेषांवरून धावतात, हानेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये दाखवलेल्या.

पण क्षेत्राला दिशा असते, त्यामुळे भोवरे गोल राहत नाहीत. १९९५ मध्ये पीटर गोल्डराइख आणि आपले एस. श्रीधर यांनी मांडलं की लहान मापाकडे जाताना भोवरे बलरेषेच्या दिशेने अधिकाधिक लांबुळके होत जातात. बलरेषेला आडवं मोजलं की कोल्मोगोरोवचाच उतार मिळतो. त्याआधी इरोश्निकोव आणि क्रेकनन यांनी १९६० च्या दशकात थोडा वेगळा घातांक सुचवला होता, आणि कोणता बरोबर यावर आजही वाद होतात. श्रीधर यांचं नाव या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात येतं. आपल्याकडे ते फार कमी लोकांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

आकडेमोड

धागा वाचनखुणेत ठेवला. पण हे सगळं रेडिओलहरींवरून लावलेलं अनुमान झालं. प्रत्यक्ष तिथे जाऊन कुणी मोजलंय का?

---

तिसरा_प्रहर

मोजलंय! नासाच्या व्हॉयेजर-१ यानाने. माझा आवडीचा विषय, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हॉयेजर-१ वरचं प्लाझ्मा थेट मोजणारं यंत्र १९८० मध्येच निकामी झालं होतं. त्यामुळे २०१२ मध्ये यान सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर पडलं की नाही यावर शास्त्रज्ञांचं एकमत होईना. उत्तर मिळालं ते प्लाझ्मालहरी ऐकणाऱ्या यंत्रातून, आणि तेही सूर्याच्याच मदतीने. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठे उद्रेक झाले. त्यांचा धक्का एप्रिल २०१३ मध्ये यानापाशी पोचला, आणि भोवतालचे इलेक्ट्रॉन सुमारे २.६ किलोहर्ट्झला थरथरले. ही वारंवारिता फक्त घनतेवर ठरते. उत्तर आलं: घन सेंटिमीटरला ०.०८, म्हणजे लिटरला ८०. सूर्याच्या हद्दीतल्या बाहेरच्या भागापेक्षा सुमारे चाळीस पट दाट. आयोवा विद्यापीठाचे डॉन गर्नेट आणि सहकाऱ्यांनी मग जुनी नोंद चाळली, तर २०१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही असाच, पण जरा खालच्या सुराचा थरकाप सापडला. त्यावरून मागे जात २५ ऑगस्ट २०१२ ही ओलांडण्याची तारीख ठरली. तेव्हा यान सूर्यापासून १,८०० कोटी किलोमीटरहून जास्त दूर होतं.

धाग्याशी संबंधित भाग पुढे आहे. २०१९ मध्ये ली आणि ली या दोघांनी व्हॉयेजरच्या घनतेच्या नोंदींवरून खळबळीचा वर्णपट, म्हणजे कोणत्या मापावर किती खळबळ आहे याचा आलेख, काढला. मोठ्या मापांवर कोल्मोगोरोवचाच उतार, आणि त्यामानाने अगदी लहान अंतरांवर त्या रेषेच्या वर आलेला फुगवटा. २०२१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या स्टेला ओकर यांनी त्याच नोंदींतून एक अतिशय क्षीण, अखंड गुंजन वेगळं काढलं, ३ किलोहर्ट्झच्या आसपासचं. आता सूर्याच्या पुढच्या उद्रेकाची वाट न बघता यानाच्या वाटेवरची घनता सलग मोजता येते.

---

आकडेमोड

फारच छान, तिसरा_प्रहर. पण यान अजून सूर्याच्या उंबरठ्यावरच आहे. सूर्याचे धक्के तिथे पोचतात हे तुम्हीच लिहिलंत. मग ही 'ताऱ्यांमधली' खळबळ की सूर्याने ढवळलेली?

---

तिसरा_प्रहर

मान्य, तो प्रश्न खुला आहे. निव्वळ एका यानाची एक वाट, त्यामुळे सगळ्या आकाशगंगेबद्दल त्यावरून बोलू नये.

---

चाप_आणि_रेषा

मी पल्सारच्या विदेवर (डेटावर) काम करते, त्यामुळे उत्तररात्र यांच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी म्हटलंय त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन मी म्हणेन की 'सगळीकडे खळबळ' हे चित्र आता बाजूला ठेवायला हवं.

२००१ मध्ये डॅन स्टाइनब्रिंग आणि सहकाऱ्यांनी आरेसिबोच्या दुर्बिणीने केलेल्या निरीक्षणांत एक अनपेक्षित गोष्ट पाहिली. पल्सारची तीव्रता वेळ आणि वारंवारिता अशा दोन अक्षांवर मांडायची आणि त्या चित्राचं फूरिए रूपांतर करायचं, म्हणजे त्यातले नियमित चढउतार गणिताने वेगळे काढायचे. सर्वत्र पसरलेली खळबळ असती तर तिथे पुसट ढग दिसायला हवा होता. त्यांना दिसला रेखीव पॅराबोला, स्वच्छ चाप. असा चाप तेव्हाच येतो जेव्हा प्रकाश जवळजवळ सगळा एकाच पातळ पडद्यावर वळतो. चापाच्या वळणावरून पडद्याचं अंतर काढता येतं.

मग २०१० मध्ये वॉल्टर ब्रिस्कन यांच्या गटाने बी०८३४+०६ हा पल्सार आरेसिबो, ग्रीन बँक वगैरे दुर्बिणी जोडून पाहिला. पडद्यावर उमटलेल्या त्याच्या प्रतिमा इतस्ततः विखुरलेल्या नव्हत्या, त्या एका रेषेत ओवलेल्या होत्या. कोल्मोगोरोवच्या भोवऱ्यांतून अशी रेष कशी येईल? ऊ-ली पेन आणि युरी लेविन यांचं म्हणणं असं की या प्लाझ्माच्या सुरकुतलेल्या चादरी असाव्यात, आणि आपण त्या कडेवरून पाहतोय.

आणि अगदी ताजं: २०२५ मध्ये जे०४३७−४७१५ या पल्सारच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने घेतलेल्या निरीक्षणांचा निष्कर्ष आला. ५०० प्रकाशवर्षांच्या थोडं पलीकडे असलेल्या या पल्सारच्या वाटेवर तब्बल २५ चाप. त्यातले चार पल्सारच्या स्वतःच्या पुढे उठलेल्या धनुष्याकृती धक्क्यातले. बाकीचे आपल्या सौर शेजारात, जो भाग आपण जवळजवळ रिकामा समजत होतो.

---

उत्तररात्र

चाप_आणि_रेषा, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं सार्थक झालं. पण 'बाजूला ठेवा' इथपर्यंत मी येणार नाही, आणि त्याचं कारण ऊटी आहे.

ऊटीजवळच्या डोंगरउतारावर गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण १९७० पासून काम करते आहे. उताराचा कोन तिथल्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश, त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो आणि एकाच अक्षाभोवती फिरवून स्रोताचा तासन्‌तास माग काढता येतो. १९९३ ते १९९५ दरम्यान रमेश भट, प्रमेश राव आणि यशवंत गुप्ता यांनी तिच्यावर १८ पल्सार ३२७ मेगाहर्ट्झला पुन्हा पुन्हा पाहिले. एकेक निरीक्षण तर कुणीही घेतो. त्यांनी तोच पल्सार महिनोन्‌महिने पाहिला, कारण मोठे भोवरे हळू सरकतात आणि एका रात्रीची मोजणी त्यामुळे फसवी ठरू शकते. या चिकाटीला मी फार मानते.

१९९८ मध्ये त्यांनी दाखवलं की सूर्याभोवती एक विरळ फुगा आहे, आणि त्याचं कवच आतल्या व बाहेरच्या दोन्ही भागांपेक्षा खूप जास्त खळबळीचं आहे. म्हणजे 'माल मोजक्या जागी साचलेला' हा विचार चाप सापडण्याच्या आधीच ऊटीच्या आकड्यांत होता, आणि तो कोल्मोगोरोवचं गणित वापरूनच निघाला होता! पडदा आहे, पण पडद्याच्या आतली वीण त्याच उताराची असू शकते. ही दोन विधानं एकमेकांना छेद देत नाहीत. मीरकॅटचे २५ चाप म्हणाल तर त्यातले कित्येक अतिशय क्षीण आहेत. पल्सार जवळचा, तेजस्वी आणि दुर्बीण संवेदनशील म्हणून ते दिसले. किती चादरी आहेत याइतकाच, कोणती चादर किती वळवते हा प्रश्न मोठा आहे.

---

चाप_आणि_रेषा

कवचाच्या मुद्द्यावर सहमत. पण ऊटीच्या चित्रात फुग्याचं पोट शांत होतं. मीरकॅट सांगते की पोटातही चादरी आहेत. तिथला वायू लाखो अंश तापलेला असायला हवा, त्यात हा थंड, दाट प्लाझ्मा टिकतो कसा? ते मला एका उताराच्या रेषेतून समजत नाही.

---

उत्तररात्र

ते मलाही तिथून समजत नाही. हा प्रश्न धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मी मानते.

---

कुकडीकाठ

आमच्या गावापासून खोडदच्या तबकड्या दिसतात. लहानपणापासून पाहतोय, पण या विषयात त्यांचा काही हात आहे का हे ठाऊक नव्हतं. कुणी सांगेल का?

---

चाप_आणि_रेषा

नक्की सांगते, दादा. त्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या म्हणजे जीएमआरटी. सध्या त्यांचं एक मोठं काम म्हणजे गुरुत्वलहरी (अवकाश-काळातले तरंग) शोधण्यासाठी पल्सारच्या ठोक्यांची वेळ मोजणं. २९ जून २०२३ ला युरोपीय आणि भारतीय गटांनी मिळून अतिमंद गुरुत्वलहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले, त्यात खोडदची विदा होती.

त्यात आजच्या विषयाचा संबंध असा. गुरुत्वलहर ठोक्याची वेळ जेमतेम शंभर-एक नॅनोसेकंदांनी हलवते. वाटेतल्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन थोडे जरी वाढले तरी तेवढाच उशीर होतो, म्हणजे खळबळ गुरुत्वलहरीचं सोंग घेऊ शकते. दोन्ही वेगळं करायचं तर कमी वारंवारितेवर मोजावं लागतं. प्लाझ्मामुळे होणारा उशीर १,४०० पेक्षा ४०० मेगाहर्ट्झला बारा पट जास्त असतो, गुरुत्वलहरीचा मात्र दोन्हीकडे सारखाच. जीएमआरटीवर ३०० ते ५०० आणि १,२६० ते १,४६० मेगाहर्ट्झ असे दोन पट्टे एकाच वेळी घेतात. २०२२ मध्ये १४ पल्सारची अशी विदा प्रसिद्ध झाली. पण संकेत विखरून पसरट होण्याचं प्रमाण त्याहून भयंकर वाढतं: १,४०० वरून ४०० वर आलं की सुमारे अडीचशे पट. त्यामुळे फार खालीही जाता येत नाही. रोजच्या कामातली आमची खरी झुंज इथे असते.

---

कुकडीकाठ

ताई, खूप आभार. आमच्या शाळेची मुलं २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे जातात. यंदा त्यांना हे सांगूनच नेईन.

---

घाटवाट

पल्सार सोडून या खळबळीचा आणखी कशावर परिणाम होतो?

---

उत्तररात्र

वैश्विक किरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांवर. ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातात, सरळ गेले असते तर काही हजार वर्षांत आकाशगंगेच्या तबकडीतून बाहेर पडले असते. पण त्यांच्यातल्या बोरॉन-कार्बनच्या प्रमाणावरून आणि किरणोत्सारी बेरिलियमवरून कळतं की ते एक कोटी वर्षांच्या घरात आत भटकत असतात. त्यांना अडवतात ते चुंबकीय क्षेत्रातले पीळ. साधारण एक गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन साठ-सत्तर लाख किलोमीटर त्रिज्येत फिरतो, आणि तेवढ्याच मापाचा पीळ त्याला वळवतो. हे माप धाग्याच्या सुरुवातीच्या रेषेच्या बरोबर मध्ये पडतं. फक्त एक लक्षात ठेवायचं: लुकलुकण्यातून आपण घनता मोजतो, क्षेत्र नाही. क्षेत्राचे पीळ घनतेच्या मागोमाग जातात हे गृहीत धरलेलं आहे.

आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं चित्र १२ मे २०२२ ला आलं, तेही याच प्लाझ्मातून पाहिलेलं. धूसरपणा तरंगलांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणून १.३ मिलिमीटरपर्यंत खाली यावं लागलं.

---

तिसरा_प्रहर

चादरी कुठून येतात यावर एक वेगळा विचार कुणी मांडला नाही, म्हणून लिहिते. जे१८१९+३८४५ हा क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचं तेजस्वी केंद्र) तासाभरात लुकलुकायचा, आणि वर्षाच्या ठरावीक काळात त्याचं लुकलुकणं मंदावायचं, कारण सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी तेव्हा पडद्याबरोबर त्याच दिशेने सरकत असायची. यावरून पडदा अगदी जवळ, काही प्रकाशवर्षांवर, असल्याचं निघालं. २००६-०७ च्या सुमारास हे लुकलुकणं बंदच पडलं. पडद्याची कड सरकून गेली असावी.

२०१७ मध्ये मार्क वॉकर आणि सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिलं की हा क्वेसार आकाशात अभिजित ताऱ्याच्या जवळ आहे. पुढे चित्रा ताऱ्याजवळच्या एका स्रोताचीही तशीच नोंद झाली. त्यांचं म्हणणं, तप्त ताऱ्यांभोवती थंड वायूचे असंख्य बारीक गोळे असतात, ताऱ्याच्या प्रखर किरणांनी त्यांचा पृष्ठभाग आयनीभूत होतो आणि तोच पडदा बनतो. तसं असेल तर सुपरनोव्हापासून उतरत आलेल्या ऊर्जेशी त्याचा काही संबंध उरत नाही.

---

चाप_आणि_रेषा

हा दावा सगळ्यांनी स्वीकारलेला नाही, पण तो तपासता येतो, हे मला त्यात आवडतं. अभिजितच्या भोवतीच्या आकाशात असे आणखी स्रोत शोधायचे, प्रत्येकाचा वर्षभराचा मंद-जलद क्रम नोंदवायचा, आणि पडद्याची दिशा ताऱ्याकडे रोखलेली आहे का ते पाहायचं. ऑस्ट्रेलियातल्या अस्कॅप दुर्बिणीने २०२१ मध्ये याच्या जवळचंच काहीतरी दाखवलं. युआनमिंग वांग यांना सहा लुकलुकणारे स्रोत सापडले, त्यातले पाच आकाशात जवळजवळ एका रेषेत, एकाच लांबट, अरुंद प्लाझ्मापट्ट्याच्या मागचे. तिथे मात्र कोणताही तप्त तारा कारणीभूत असल्याचं दिसलं नाही.

अभिजित बराच उत्तरेला आहे, दक्षिण गोलार्धातून नीट मोजता येत नाही. खोडदहून तो आकाशात चांगला उंचावरून जातो.